सप्टेंबरातल्या सात टेस्ट

हे लिहायला मला खूप वेळ लागला, कारण आपल्याबाबतीत नेमकं काय झालं हेच मला कितीतरी दिवस समजत नव्हतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये नऊ दिवसांत मी घरी सात प्रेग्नन्सी टेस्ट केल्या, चार पॉझिटिव्ह आल्या आणि तीन निगेटिव्ह, आणि त्याही आधी निगेटिव्ह मग पॉझिटिव्ह अशा सरळ नाहीत, तर पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, निगेटिव्ह, पॉझिटिव्ह, त्याच दुपारी निगेटिव्ह, मग परत दोनदा पॉझिटिव्ह. त्या नऊ दिवसांत मी कोणाला धड काही सांगू शकत नव्हते, कारण सांगायचं तरी काय.

आम्ही चिंचवडला राहतो, सासर कराडचं. लग्नाला तेव्हा चार वर्षं झालेली आणि दोन वर्षं प्रयत्न चालू होते. मला पीसीओडी आहे, पाळी कधी 35 दिवसांनी कधी 50, त्यामुळे अंडं कधी तयार होतं आणि होतं का हेच कळायचं नाही. नळ्यांची तपासणी झालेली, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला, थायरॉईड ठीक. मग डॉक्टरांनी लेट्रोझोल, म्हणजे अंडं तयार व्हायची गोळी, सुरू केली, पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून पाच दिवस, आणि नवव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे एक दिवसाआड जाऊन आतली सोनोग्राफी करून अंडं ज्या फुग्यात वाढतं तो किती मोठा झालाय ते बघायचं, बोलताना सगळे त्या फुग्यालाच अंडं म्हणतात. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, सकाळी ऑफिसच्या आधी रांगेत बसायचं, आत दोन मिनिटांचं काम, आणि बाहेर येताना हातात एक कागद, त्यावर 12 मिमी, 15 मिमी असे आकडे.

25 ऑगस्टला पाळी आली होती. 6 सप्टेंबरला अंडं 19 मिमीचं झालं, डॉक्टर म्हणाल्या छान आहे, आज रात्री इंजेक्शन घ्या. ते अंडं फुटण्याचं इंजेक्शन, 10000 युनिटचं, रात्री दहाला सिस्टरनी दिलं. साधारण 36 तासांनी अंडं फुटतं, म्हणजे 8 तारखेची सकाळ. 9 पासून रोज रात्री प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, आणि कागदावर खाली लिहून दिलेलं, यूपीटी 24/9. यूपीटी म्हणजे लघवीची टेस्ट. बस एवढंच. 24 च्या आधी का करायची नाही हे कोणी सांगितलं नाही आणि मीपण विचारलं नाही, मला वाटलं लवकर केली तर फार तर निगेटिव्ह येईल, पॉझिटिव्ह आली तर ती खरीच असणार ना.

हे मी इथे आधीच सांगून टाकते कारण मला हे कोणी त्या वेळी सांगितलं असतं तर माझे ते आठ दिवस वेगळे गेले असते. ते इंजेक्शन म्हणजेच एचसीजी. घरची टेस्ट लघवीत जे हार्मोन शोधते तेच. गर्भ पिशवीला चिकटला की तो जे हार्मोन बनवायला लागतो ते आणि सुईतून आत गेलेलं ते, पट्टीला यातला फरक कळत नाही. इंजेक्शनचं औषध अंगातून पूर्ण जायला दहा दिवस लागू शकतात, काहीजणींना चौदाही. त्यामुळे त्या आत टेस्ट केली तर दुसरी रेघ येऊ शकते आणि ती आपली नसते.

मी 14 तारखेला टेस्ट केली. इंजेक्शनला आठ दिवस झालेले, अंडं फुटून फक्त सहा. म्हणजे खरंतर तेव्हा गर्भ पिशवीला चिकटलेला असण्याचीही शक्यता फार कमी, चिकटायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात हे मला आता माहितीये. पण त्या दिवशी सकाळी साडेपाचला बाथरूममध्ये उभी राहून मी ड्रॉपरने तीन थेंब टाकले, सी वर, म्हणजे किट चालतंय हे दाखवणाऱ्या जागी, गडद रेघ आली आणि टी वर, म्हणजे टेस्टच्या जागी, फिकट, पण गुलाबी, दुसरी. मी तिथेच खाली बसले. दोन वर्षांत मी दुसरी रेघ कधीच बघितली नव्हती. नवऱ्याला उठवलं, तो ट्यूबलाईटखाली किट धरून बघत राहिला, म्हणाला मला काहीतरी दिसतंय गं. मग दोघांनी मोबाईलवर फोटो काढून मोठा करून बघितला, काळा-पांढरा करून बघितला, रेघ होती. त्या दिवशी ऑफिसला जाताना त्याने मला गाडीवरून नेलं नाही, रिक्षा करून दिली, खड्डे नकोत म्हणून.

तीन दिवस आम्ही तसे राहिलो. 17 ला रविवारी मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीचं किट आणलं, पहिलं त्यांच्याकडे संपलेलं. निगेटिव्ह. एकच रेघ, एकदम स्वच्छ. मी म्हणलं हे किट खराब असेल, कंपनी वेगळी आहे. संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून ते परत काढून बघितलं, तर टी च्या जागी एक रेघ होती! पण करड्या रंगाची, रंग नसल्यासारखी, पाण्याचा डाग वाळल्यावर कड राहते तशी. ती रेघ धरायची नसते. पाकिटातल्या कागदावर लिहिलेलं असतं की पाच मिनिटांत बघा, तेवढा वेळ गेला की लघवी वाळून अशी रेघ उमटू शकते, तिला काही अर्थ नसतो. तो कागद मी तेव्हा वाचला नव्हता. मी त्या करड्या रेघेवर सगळी रात्र काढली.

18 ला हरतालिका. सकाळी पहिल्या कंपनीचंच किट दुसऱ्या मेडिकलमधून आणून केलं, म्हणलं आता तरी कळेल. निगेटिव्ह. म्हणजे ज्या कंपनीने चार दिवसांपूर्वी दोन रेघा दाखवल्या तीच आता एक दाखवते. मला वाटलं होतं ते गेलं. आतून असं वाटलं की काहीतरी निसटलं आणि मला कळलंपण नाही. खरंतर तेव्हा काही आलेलंच नव्हतं, ते फक्त इंजेक्शन अंगातून संपलं होतं. पण मी त्या दिवशी उपास धरून, डोळे पुसत, बॅग भरत होते, कारण संध्याकाळी कराडला निघायचं होतं.

आता कराडचं सांगायला पाहिजे, कारण त्याशिवाय हे अर्धंच राहील. आमच्या घरी गौरी असतात, मुखवट्याच्या, दोन्ही सुनांनी मिळून करायच्या. त्या वर्षी गणपती 19 ला, गौरी 21 ला यायच्या, 22 ला पुरणाचा नैवेद्य, 23 ला विसर्जन. ऑगस्टमध्येच सासूबाईंचा फोन आलेला, तुझी तारीख कधी येतीया, गौरीत अडचण यायला नको, पुढं ढकलायची गोळी घे बाई. हे आमच्याकडे सगळ्याच बायका करतात, मीपण आधी दोनदा केलंय. यावेळी मी म्हणलं आई, मला नाही घेता येणार, डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू आहे. त्या जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या बरं बरं, नको मग. पुढे काही विचारलं नाही पण त्यांना कळलं होतं, आणि मला माहिती होतं की त्यांना कळलंय. त्यामुळे गौरी येईपर्यंत माझी पाळी आली की नाही हे फक्त माझं राहिलं नव्हतं, सगळ्या घराचं लक्ष तिकडे होतं, कोणी काही बोलत नसलं तरी.

आणि दुसरीकडे ती प्रोजेस्टेरॉनची गोळी. ती चालू असताना पाळी सहसा येतच नाही, पुढे जाते. म्हणजे पाळी चुकली ही जी सगळ्यात जुनी, आई-आजीच्या काळापासूनची खूण, तीपण मला वापरता येत नव्हती. छाती दुखणं, पोट फुगणं, झोप येणं, हे सगळं त्या गोळीनेही होतं. अंगावर येणारी एकही खूण भरवशाची राहिली नव्हती, राहिली ती फक्त पट्टी, आणि पट्टी रोज वेगळं सांगत होती.

20 ला पहाटे, घर उठायच्या आधी, मी बॅगेतलं एक किट घेऊन मागच्या संडासात गेले. अंडं फुटून बारावा दिवस. दुसरी रेघ आली. 14 तारखेपेक्षाही फिकट, पण पाच मिनिटांच्या आत आणि गुलाबी. आता मला आनंदपण होईना. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला एकदा अजून करूया, आणि स्टँडकडे जाऊन लांबच्या मेडिकलमधून वेगळ्या कंपनीचं किट घेऊन आला, पेपरात गुंडाळून, कारण गावात त्याला सगळे ओळखतात. ते मी दुपारी दीडला केलं. तोवर तीन वेळा चहा झालेला, पाहुणे आले की चहा होतोच, आणि उकाड्याने तांब्याभर पाणी प्यायलेले. निगेटिव्ह.

याचं कारणपण नंतर समजलं. साधारण किटला लघवीत 25 च्या आसपास एचसीजी लागतं तेव्हा रेघ उमटते, कुठल्या कंपनीचं जरा कमीत पकडतं कुठल्याचं जास्तीत. माझं तेव्हा त्या काठावर होतं. पहाटेची पहिली लघवी रात्रभर साठलेली, घट्ट, तिच्यात ते पकडलं गेलं. दुपारी चहापाण्याने पातळ झालेल्यात नाही. दोन्ही किटं बरोबरच होती. पण एका काठावरच्या गोष्टीला दोनदा हो की नाही असं विचारलं तर दोन उत्तरं येऊ शकतात हे त्या दुपारी मला कोण सांगणार. मी स्वयंपाकघरात शेपू निवडत बसलेले आणि मोठ्या जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, काय गं, बरं वाटत नाही का, चेहरा का असा. मी म्हणलं प्रवासाचा शीण.

21 ला पहाटे परत केलं, दोन रेघा. त्याच दिवशी गौरी आणायच्या. सासूबाईंनी सकाळी फक्त एवढंच विचारलं, अडचण नाही ना? मी नाही म्हणलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाल्या, मग थोरली गौर तू आण यंदा. एरवी थोरली मोठ्या जाऊबाई आणतात. मी दारातून आत येत होते, खाली हळदीकुंकवाची पावलं काढलेली, पुढे पोरं ताटली वाजवत होती, आणि मी मनात एकच म्हणत होते की असूदे, असूदे, असूदे. मला आजही ते पाऊल टाकल्याचं आठवतं.

22 ला सातवी टेस्ट, आता रेघ कालच्यापेक्षा थोडी गडद. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पहिला प्रश्न विचारला की पहिली टेस्ट कधी केली होती, आणि मी 14 म्हणल्यावर त्या म्हणाल्या अहो ते इंजेक्शनचं होतं, ते सोडून द्या. मी फोन धरून अंगणात उभी. आठ दिवस. मग म्हणाल्या आता किट बंद, रक्ताची बीटा एचसीजी करा, आणि 48 तासांनी परत, एका आकड्यावरून काही बोलता येत नाही, वाढतो कसा ते बघायचं. सुरुवातीला दोन-तीन दिवसांत तो साधारण दुप्पट व्हायला हवा.

पुरणाच्या दिवशी घरातून बाहेर पडायचं कसं, तर नवरा म्हणाला हिला फुलं आणायला नेतो. लॅबमध्ये रक्त दिलं, फुलं घेतली, परत येऊन मी पोळ्या लाटल्या. संध्याकाळी आरती चालू असताना त्याच्या व्हॉट्सअपवर रिपोर्ट आला. 38. खाली छापलेलं, 5 च्या खाली म्हणजे गर्भ नाही, आणि चौथ्या आठवड्यात 5 ते 426. मी ते वाचून काय समजायचं, 38 पण त्यात बसतं आणि 400 पण. पण एक गोष्ट नक्की झाली की आहे. इंजेक्शनला सोळा दिवस झालेले, ते संपल्याचं मधल्या दोन निगेटिव्हनी दाखवलेलं, म्हणजे हे माझं आहे. त्या रात्री आम्ही गच्चीवर जाऊन बसलो आणि नवरा काही न बोलता माझा हात धरून बसला होता, खाली बायकांच्या फुगड्या चाललेल्या.

24 ला चिंचवडला परत आलो आणि तिथल्या लॅबमध्ये दुसरी बीटा केली. 44. 48 तासांत 38 चं 44. डॉक्टर म्हणाल्या लॅब बदलायला नको होती, प्रत्येक मशीनचा आकडा थोडा वेगळा येतो, आता याच लॅबमध्ये परवा अजून एकदा करा. आणि मग आवाज जरा खाली आणून सांगितलं की आकडा असा हळू वाढला तर गर्भ कधीकधी नळीतही असू शकतो, त्यामुळे पोटात एका बाजूला जोरात दुखलं, खांद्यात दुखलं, चक्कर आली तर रात्र असो दिवस असो थेट दवाखान्यात यायचं, घरी थांबायचं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय. फिकट रेघ दिसून नंतर गोंधळ झालेल्या प्रत्येकीला हे माहिती असायला पाहिजे, कारण आपण सगळं लक्ष त्या रेघेवर ठेवतो आणि पोटाकडे दुर्लक्ष करतो.

26 ला 17 आला.

डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या. 28 ला अनंत चतुर्दशीला सकाळपासून अंगावरून जायला लागलं, नेहमीपेक्षा जास्त, गाठी पडत होत्या. दिवसभर खाली रस्त्यावर ढोलताशा, आणि मी खिडक्या लावून गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेले. 5 ऑक्टोबरला शेवटची बीटा केली, 1.2. ती पण त्या करायला लावतात, पाळी आली म्हणून सोडून द्यायचं नाही, आकडा 5 च्या खाली गेल्याचं बघायचं म्हणजे नळीतली शंका मिटते.

बायोकेमिकल प्रेग्नन्सी, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे बीज जुळलं, पिशवीला चिकटलं, काही दिवस हार्मोन बनवलं आणि सोनोग्राफीत दिसण्याइतकं वाढायच्या आधीच थांबलं. मी विचारलं मी कळशी उचलली, पुरण वाटलं, रात्री जागरण झालं, प्रवास झाला, त्याने? त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या नाही, यातलं कशानेच नाही, बहुतेक वेळा गुणसूत्रांची जुळणीच नीट झालेली नसते, ते पहिल्या दिवसापासूनच ठरलेलं असतं, आणि कित्येक बायकांचं असं होतं, त्यांना पत्तापण लागत नाही, पाळी चार दिवस लांबली एवढंच वाटतं. मला हे ऐकून बरं वाटलं आणि नाहीपण वाटलं. मला पत्ता लागला होता ना.

माझं सगळ्यात जास्त काय दुखत होतं सांगते. याला काय म्हणायचं तेच नव्हतं. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली अगं म्हणजे राहिलंच नव्हतं, टेस्ट चुकली असेल, नको मनाला लावून घेऊ. ती प्रेमाने बोलली. एक मैत्रीण म्हणाली निदान राहू शकतं हे तरी कळलं. ऑफिसमध्ये दोन दिवस सुट्टी घेतली आणि कारण व्हायरल लिहिलं. सासूबाईंना नवऱ्यानेच सांगितलं, त्या लगेच काही बोलल्या नाहीत, पण पुढच्या एसटीने मोठे दीर आले तेव्हा त्यांच्याकडे डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवला. गर्भ पडल्यावर बाईला अशक्तपणा येतो तेव्हा देतात तसा. मी तो डबा उघडून खूप रडले, कारण तोपर्यंत फक्त त्यांनीच ते झालं होतं असं धरलं होतं.

नोव्हेंबरचा महिना परत लेट्रोझोल आणि इंजेक्शन, तो गेला. यावेळी मात्र मी 16 दिवस होईपर्यंत घरात किटच आणलं नाही, आणि इंजेक्शनची तारीख कालनिर्णयवर लाल पेनने लिहून ठेवली. काहीजणी रोज एकाच कंपनीच्या पट्टीने बघतात, रेघ फिकट होत होत जाते आणि मग परत उगवली तर आपली, तेही बरोबरच आहे, पण मला ते झेपलं नसतं. ज्यांना थांबणं जमत नाही त्यांनी निदान एवढं करावं, एकच कंपनी धरावी, पहाटेचीच लघवी घ्यावी, पाच मिनिटांनी किट फेकून द्यावं, आणि दोन दिवसांच्या रेघांचा गडदपणा मोजत बसण्यापेक्षा बीटा करावी.

2024 च्या फेब्रुवारीत परत राहिलं. 16 व्या दिवशी एकच टेस्ट, बीटा 212, त्याच लॅबमध्ये 48 तासांनी 470. तरी मी कोणाला सांगितलं नाही, नवरापण गप्प. साडेसहा आठवड्यांची असताना सोनोग्राफीला गेलो, तिथे आधी तो सरकारी फॉर्म भरून सही करायची असते, भिंतीवर गर्भलिंग निदान होत नाही असा बोर्ड, मी तो बोर्ड दहा वेळा वाचला असेल. मग स्क्रीनवर ती एवढीशी लुकलुक दिसली आणि डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.

बाहेर आल्यावर त्यांनी नवीन फाईल केली. पहिल्या पानावर वरती तारीख लिहिली, शेवटच्या पाळीची तारीख लिहिली आणि त्याखाली लिहिलं जी 2, ए 1. मी विचारलं मॅडम हे काय. म्हणाल्या, ही दुसरी वेळ आणि आधीचं एक पडलेलं. मी म्हणलं, सप्टेंबरचं धरलंत तुम्ही? त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, हो, राहिलं होतं ना तेव्हा.